बेचाळिसाव्या मैलाचा माणूस

नवे ओवरसियरसाहेब विसरवाडीच्या बंगल्यावरून सायकलीने निघाले. चाळिसाव्या मैलावर त्यांच्या वहीत अकरा खड्डे जमा झाले, एकेचाळिसाव्यावर नऊ. बेचाळिसाव्या मैलाचं पान कोरं राहिलं. साहेब दोनदा खाली उतरले, बुटाच्या टाचेने मुरूम उकरून पाहिला. मुरूम निघेना. बाजूची चर स्वच्छ, कडुलिंबाच्या रोपांना काट्यांचं कुंपण, मैलाचा दगड चुन्याने पांढराशुभ्र. साहेब खट्टू झाले. नव्या जागेवर आलेल्या माणसाला काहीतरी सापडावं लागतं. तेवढ्यात रस्त्याखालच्या पुढच्या मोरीजवळ त्यांना मैल राखणारा मैलकुली दिसला आणि एकदाचं हायसं वाटलं. कारण तो मैलकुली बाई होती.

कासोटा गुडघ्याच्या वर, हातात जड धुमस, आणि ती दाणदाण मुरूम ठोकत होती. खांद्यावरून तिरका पट्टा आणि पट्ट्यावर खात्याचा पितळी बिल्ला, नंबर बेचाळीस.

"हा पट्टा कोणाचा?"

"आमशाना."

"आमशा कुठे आहे?"

"मोहडाखाले."

"तू कोण?"

"त्यानी बायको. फुलवंताबाई." तिने धुमस खाली ठेवली नाही, साहेब लवकर जातील असा तिचा अंदाज होता. "मोहडाना फुलं गळी ऱ्हायनात, सायेब. पहाटे येचली नहीत तर ढोरं खातस. फुलं काही वाट देखतस नही. सडक देखस."

साहेबांनी वहीत लिहिलं: मैलकुली गैरहजर.

आठ दिवसांनी ते पुन्हा आले. पट्ट्यात एक तरणा, काटक माणूस होता. वडाच्या पारंब्या कापून रस्ता मोकळा करत होता.

"तू आमशा?"

"मी फुलसिंग. त्याना भाऊ."

"मग आमशा कोण?"

फुलसिंगने जरा विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि खरं काय ते त्याला सोपं वाटत होतं. "आज मीच शे," तो म्हणाला.

तिसऱ्या वेळी पट्टा आमशाच्या आईच्या अंगावर होता. पट्टा तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होता. म्हातारी खडीच्या ढिगाशी बसून हातोडीने दगड फोडत होती, आणि तिला ऐकू कमी येत असल्यामुळे साहेबांचे सहा प्रश्न फुकट गेले. सातव्याला तिने मान वर केली, साहेबांची सायकल पाहिली आणि तिच्या चाकाखाली आलेला आपला दगड हाताने बाजूला काढून घेतला.

संध्याकाळी बंगल्यावर मिस्त्री बन्सीलालची हजेरी झाली. बन्सीलाल नंदुरबारचा, नऊ वर्षांपासून या रस्त्यावर होता, आणि नऊ वर्षं रोज 'आमशा हजर' असं लिहीत होता.

"नऊ वर्षं खोटी हजेरी?" साहेब म्हणाले.

"खोटी कशी, सायेब? एक दिवस मैल रिकामा नही ऱ्हायना. हाई लोके नोकरी बी शेतासारखी धरतस. नोकरी घरनी. ज्याना हात मोकळा, तो पट्टा घालस."

"नेमणूक आमशाची आहे. घराची नाही."

"मैल तर बरोबर शे ना?"

"मैल बरोबर आहे. माणूस बरोबर नाही!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "उद्यापासून पट्ट्यात फक्त आमशा. दुसऱ्या कोणी रस्त्याला हात लावला, तर आमशाला काढून टाकीन. सांग त्याला."

बन्सीलालने सांगितलं. आमशा पस्तिशीतला, रुंद छातीचा, हळू बोलणारा गडी. त्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून एकटा रस्त्यावर गेला. मोहाची निम्मी फुलं त्या वर्षी ढोरांनी खाल्ली. फुलवंताबाई फुलांची अर्धीच भरलेली टोपली रोज संध्याकाळी त्याच्यासमोर आणून ठेवी. तीही बरोबर त्याच्या पायाशी ठेवी.

हा हुकूम बारा दिवस टिकला. तेराव्या दिवशी कागद आला की मोठे साहेब मोटारीने रस्ता पाहायला येणार आहेत. ओवरसियरसाहेबांनी आपली वही चाळली. खड्डेच खड्डे. दाखवण्यासारखा मैल एकच होता, आणि बारा दिवसांत त्याच्याही कडा ढासळायला लागल्या होत्या. साहेबांनी हुकूम काही मागे घेतला नाही. फक्त पुढचे पंधरा दिवस ते त्या बाजूला फिरकले नाहीत, आणि बन्सीलालला म्हणाले, "कसं करायचं ते तू बघ. मला मैल चकचकीत पाहिजे."

बन्सीलाल थेट पाड्यावर गेला. "चल रे भो, समदा चला. म्हातारी याहाले बी ल्या."

"हुकूम?" आमशाने विचारलं.

"हुकूम शे. पन तो आते आंधळा शे."

पंधरा दिवस चौघेही उन्हात राबले. आमशा खणी, फुलसिंग वाही, फुलवंताबाई ठोकी, म्हातारी दगड फोडी. तळहातावरचे फोड फुटून त्यावर मुरमाची लाल पुटं बसली. फुलवंताबाईच्या उजव्या खांद्यात रात्री कळ येई, तेव्हा ती मोहाच्या बियांचं तेल गरम करून चोळून घेई आणि पहाटे पुन्हा निघे. मैल असा झाला की उतारूंच्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर बशीर तिथे आला की स्टिअरिंगवरचा एक हात सोडून विडी पेटवी. बाकीच्या रस्त्यावर त्याला ही चैन परवडत नसे.

मोठे साहेब यायच्या दिवशी बन्सीलालने आमशाला धुतलेलं बंडी-धोतर नेसवून मैलाच्या दगडाशी उभं केलं आणि बाकी तिघांना कोरड्या नाल्यात करवंदीच्या जाळीमागे बसवलं. "खोकू नका," एवढंच सांगितलं. म्हातारीला ऐकू गेलं नाही, पण ती तशीही खोकत नसे.

मोटार आली. मोठे साहेब उतरले, चार पावलं चालले, ओवरसियरकडे वळून म्हणाले, "अच्छा है. कितने आदमी हैं?"

"एकच, साहेब. माझ्या देखरेखीखाली."

मोठे साहेब आमशाजवळ आले. "अकेला करता है?"

आमशाने नाल्याकडे पाहिलं. करवंदीची एक फांदी हलत होती. मग त्याने बन्सीलालकडे पाहिलं. बन्सीलालचे डोळे बाहेर आले होते. ओवरसियरसाहेबांच्या ओठांवर एक हसू होतं, ते तिथे फार वेळ टिकणार नव्हतं.

"हा," आमशा म्हणाला.

मोठ्या साहेबांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. मोटार धूळ उडवत गेली. करवंदीमागून तिघे उठले, अंगाचे काटे काढत. "थाप मारली," फुलसिंग म्हणाला. "खांद्यावर. मी पाहिली."

"खांदा माझा दुखतोय," फुलवंताबाई म्हणाली.

*

आषाढाच्या तोंडावर कागद आला. बन्सीलालने तो बंगल्याच्या पायरीवरच दोनदा वाचला आणि मग सायकल न घेता पायीच पाड्याकडे निघाला. सांगायला जितका उशीर होईल तितका बरा, असा तो कागद होता.

एक माणूस एक मैल इतका उत्तम राखतो, त्या अर्थी त्याच माणसाकडे पुढचाही मैल देता येईल, असं वरच्या कचेरीने ठरवलं होतं. त्रेचाळिसाव्या मैलाचा मैलकुली उखा यास कमी करण्यात येत आहे. दोन्ही मैल आमशाकडे. पगार तोच.

उखा शेजारच्या पाड्यावरचा. बायको मेलेली, मूल नाही, जमीन नाही. दगडी रोलर ओढताना त्याचा डावा पाय चेंगरला होता, तेव्हापासून तो अर्धं पाऊल टाकून चाले. मैल आणि तो, एवढाच त्याचा संसार. त्याचा मैल आमशाच्या मैलासारखा नव्हता, पण एका माणसाचा म्हणून चांगला होता.

संध्याकाळी उखाच आला. आमशाच्या ओट्यावर बसला. त्याच्या अंगावर पट्टा नव्हता, आणि पट्ट्याच्या जागी बंडीवर एक फिकट तिरकी रेघ उरली होती. फुलवंताबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मोठ्या सायबाला तू हो म्हणालास?" उखाने विचारलं.

"म्हणालो, उखादादा."

"एकटा करतो म्हणून?"

"हो."

उखा पाणी प्यायला. "मग बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर आमशाला बरं वाटलं असतं.

सकाळी फुलवंताबाईने नवऱ्याच्या हातात काठी दिली. "बंगल्यावर जा. सांग, आम्ही चौघं आहोत."

"मग मलाही काढतील. त्यांनी सांगितलेलंच आहे."

"काढतील तर काढतील. शेजारच्या माणसाचं खाऊन मला जेवण उतरायचं नाही."

आमशा बंगल्याच्या व्हरांड्याखाली दुपार उलटेपर्यंत उभा राहिला. आधी साहेब अंघोळीला होते, मग जेवायला, मग झोपायला. शिपायाने त्याला दोनदा पागोळ्यांखालून हटवून दुसऱ्या पागोळ्यांखाली उभं केलं. तिसऱ्या प्रहरी साहेब बाहेर आले.

"काय रे? दोन मैल मिळाले म्हणून पाया पडायला आलास?"

"सायेब, मी एकला नही. चार जन शेत. बायको, भाऊ, माय. चार जन करतस."

साहेबांचा चेहरा आवळला. "मी वर काय लिहून पाठवलंय, ठाऊक आहे?"

"नही."

"लिहिलंय, मैलकुली एक. मोठ्या साहेबांनी तुला तोंडावर विचारलं, तू हो म्हणालास. आता तू म्हणतोस, चार. म्हणजे मी खोटं लिहिलं?"

"तुम्हले माहीत व्हतं, सायेब. तुम्ही तिघासले देखेल शे."

"मी त्यांना कामावर पाहिलेलंच नाही!" साहेब ओरडले. आणि मग अगदी कागद वाचावा तसे म्हणाले, "त्या मैलावर तू एकटा आहेस. इतके दिवस होतास आणि पुढेही राहशील. निघ."

आमशा फाटकाबाहेर आला तेव्हा बन्सीलाल पिंपळाखाली चुना मळत बसला होता.

"सांगी दिन्हं?"

"सांगं. त्या म्हनतस, मी एकलाच शे."

"म्हनतीनच." बन्सीलालने तंबाखू ओठाखाली सरकवली. "देख आमशा, तुन्हा मैल चांगला व्हयना, म्हनीसन उखाना मैल गया. चांगलं कामनी तक्रार कोठे करशी? तशी अर्जी कोनी लिखस का? तू एकच कर. सडक बिघाड."

आमशाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"बिघाड म्हनस ना! खोदू नको, काही नको. फक्त हात लावू नको. पाऊस करी बाकीनं. दोन्ही मैल बसू दे. मग वरतून ईचारतीन, तवय मी लिखसू, एक मानूसवरी दोन मैल व्हतस नही. उखाले परत घेतीन."

"आणि माले?"

"तुले ताकीद देतीन. काढतीन नही. काढीसन दुसरा कोठून आनतीन, पावसाळाम्हां?"

*

बारा-बारा तास राबायला या घराला काही वाटत नसे. पण रिकामं बसायचं ठरलं आणि चौघांच्या अंगावर काटा आला.

पहिला मोठा पाऊस झाला. मोरीच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला. दोन टोपल्यांचं काम. आमशा पट्टा घालून दगडावर बसून राहिला आणि पाणी रस्त्यावर चढताना पाहत राहिला. पाणी जिथून चढणार ती जागा त्याला नऊ वर्षांपासून ठाऊक होती. तिथूनच ते चढलं. तो उठून दुसऱ्या बाजूला तोंड करून बसला.

फुलसिंग ढोरं घेऊन रस्त्याने गेला की त्याचा पाय आपोआप खड्ड्यात मुरूम ढकली. फुलवंताबाईने त्याला तसं तीनदा पकडलं.

"पायाला बांधून ठेव काही!"

"मी कुठे काय केलं, वहिनी? चालताना लागला पाय."

"तीनदा लागला? तोही खड्ड्याच्याच कडेला?"

म्हातारीचं तर आणखी अवघड. तिला योजना ओरडून सांगावी लागली, आणि ओरडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. शेजारच्या चार घरांना कळली, तिला नाही. एका सकाळी ती दिसेना म्हणून फुलवंताबाई शोधत गेली, तर म्हातारी गुडघाभर पाण्यात उभी राहून मोरीतला पाला काठीने ओढून काढत होती. पाणी खळखळ निघालं होतं. म्हातारी समाधानाने हसली. फुलवंताबाईने कपाळावर हात मारला, सासूला बाहेर काढलं, आणि इकडेतिकडे पाहून तोच पाला दोन्ही हातांनी उचलून परत मोरीत कोंबला. कोंबताना तिला रडू आलं. घरी येऊन तिने भाकरी थापली ती तीन वेळा फाटली.

पण सगळ्यांत जास्त घोळ उखाने घातला. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तोच रोज पहाटे पाय ओढत त्रेचाळिसाव्या मैलावर जाई आणि खड्डे बुजवी. पट्टा नाही, पगार नाही, टोपलीसुद्धा स्वतःची. आमशाला चौथ्या दिवशी कळलं.

"उखादादा, काय करतोस हे?"

"खड्डा पडलाय."

"पडू दे! पडायलाच पाहिजे! खड्डा नाही पडला तर तुला परत कसं घेतील?"

उखाने टोपली रिकामी केली, वरून पायाने दाबली. "मला कळतं," तो म्हणाला. "पण रोज इथून जावं लागतं ना."

"मग जाऊ नकोस!"

"कुठे जाऊ?"

त्या दिवसापासून फुलवंताबाई उखाला सकाळीच आपल्या घरी बोलावून आणी, भात कुटायला बसवी, आणि तो उठला की विचारी, "कुठे निघालास, दादा?" तो परत बसे. चौघांच्या जागी आता पाच जणं हात बांधून बसली, आणि एकमेकांवर पहारा करू लागली.

श्रावण लागेपर्यंत दोन्ही मैल खचून बसले. बशीरची मोटार बेचाळिसाव्या मैलावर मागच्या चाकापर्यंत रुतली. उतारू चिखलात उतरले. बशीर खाली आला, त्याची विडी भिजून गेली होती.

"क्या आमशा, तू तो ऐसा नहीं था रे! मेरी सवारियां तेरे नाम की कसम खाती थीं!" मग उतारूंकडे वळून तो म्हणाला, "देखो, ये सरकारी नौकर. बैठा है पत्थर पे."

आमशाने मान खाली घातली आणि मोटारीला खांदा लावला. एक लठ्ठ व्यापारी छत्री धरून शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "ह्यासले फुकटना पगार पाह्यजे." आमशा ढकलत राहिला. चाक फिरलं तेव्हा चिखल थेट त्याच्या तोंडावर आला. पाड्याच्या टेकाडावरून फुलसिंग हे पाहत होता. तो खाली यायला निघाला, तर फुलवंताबाईने त्याचं मनगट धरलं. तिची पकड धुमसीची होती, सुटेना.

तक्रारी वर गेल्या. बन्सीलालने लिहायचं ते लिहिलं. ओवरसियरसाहेबांनी त्यावर सही केली. आता माणूस एकच आहे आणि मैल दोन, हे त्यांना एकदम पटलं होतं.

भादव्याच्या पहिल्या आठवड्यात उखाचा पट्टा परत आला. त्याने तो घातला, बंडीवरच्या रेघेवर बरोबर बसवला, आणि थेट आपल्या मैलाकडे निघून गेला.

त्याच दिवशी चौघं बेचाळिसाव्या मैलावर उतरली. म्हातारी मोरीत, फुलसिंग चरीत, नवरा-बायको मोठ्या खड्ड्यावर. दोन महिन्यांचा पाला, दोन महिन्यांचा गाळ. दुपारी बन्सीलाल आला. त्याच्या हातात दुसरा कागद होता.

"आमशा, हाऊ तुन्हासाठे शे."

"वाची दाखाड."

बन्सीलालने कागद डोळ्यांजवळ धरला. "बेचाळिसाव्या मैलाचा मैलकुली आमशा हा आळशी व कामचुकार असल्याचे दिसून आले आहे. त्यास सक्त ताकीद देण्यात येते की..." पुढचं त्याने वाचलं नाही.

आमशा फावडं टेकून उभा राहिला. फुलवंताबाईच्या हातातली धुमस खाली यायची थांबली. म्हातारीने मोरीतून डोकं वर काढलं. काम का थांबलं, हे तिला कळेना.

"काय म्हणतो तो?"

फुलसिंग तिच्या कानाशी वाकून ओरडला, "आमशा आळशी आहे म्हणतो, याहा!"

म्हातारीने गाळाने भरलेला हात कपाळाला लावला आणि रस्त्यावरच्या तिघांना एकेक करून नीट पाहून घेतलं.

"कोणता?" तिने विचारलं.

बन्सीलालने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.